अंबरनाथची काडी आणि कोकणचा पाऊस

१९२२ च्या अंदाजपत्रकात हिंदुस्थान सरकारने परदेशी काडेपेटीवरची जकात दुप्पट केली. आधी एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, बारा आणे पडत. ते दीड रुपया झाले. माल ज्या किमतीला बंदरात उतरे, तिच्याहून जकात मोठी झाली. यात देशी कारखानदारीचा कळवळा वगैरे काही नव्हता. महायुद्धानंतर तिजोरीत खडखडाट होता आणि काडेपेटी गरिबातल्या गरिबालाही घ्यावीच लागते. मिठानंतर कर बसवायला इतकी सोयीची दुसरी वस्तू सापडणे कठीण. पण जकातीची भिंत उंच झाली की पलीकडच्या व्यापाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: माघार घ्यायची, नाहीतर भिंतीच्या आत येऊन बिऱ्हाड थाटायचे. स्वीडनच्या आगपेटी कंपनीने बिऱ्हाड थाटले. १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन झाली. पुढे सगळ्यांच्या तोंडी ती ‘विमको’ म्हणूनच बसली. तिचा कारखाना कल्याणच्या पुढे अंबरनाथला उभा राहिला. अंबरनाथ पश्चिमेच्या रिक्षावाल्याला आजही ‘विमको नाका’ एवढेच सांगितले की पुरते.

अंबरनाथच का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशावर आहे. कल्याणहून बदलापूर, कर्जतमार्गे घाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला होता. मुंबई बंदरात उतरलेला माल वाघिणीत चढवला की थेट कारखान्याच्या दारात. जमीन स्वस्त, वालधुनी आणि उल्हास या नद्या हाकेच्या अंतरावर, आणि शेजारी १९१९ मध्ये स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी, जी गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनवू लागली होती. शिलाहारांच्या शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे गाव हळूहळू धुराड्यांसाठी ओळखले जाऊ लागले. त्या वेळी बदलापूर भातशेतीचे होते. कारखान्यांची रांग तिथपर्यंत पोचायला आणखी काही दशके जायची होती.

कारखाना उभारणारा मूळ धनी साधा नव्हता. ईवार क्रूगर हा स्वीडिश स्थापत्य अभियंता. आधी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती बांधायचा, मग आगपेट्यांकडे वळला. १९१७ मध्ये त्याने स्वीडनमधले आगपेटीचे कारखाने एका छत्राखाली आणले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जगातल्या निम्म्याहून अधिक काडेपेट्यांवर पकड बसवली. सरकारांना कर्जे द्यायची आणि बदल्यात त्या देशाचा काडेपेटीचा मक्ता घ्यायचा, ही त्याची रीत. आगपेटीची यंत्रे बनवणारे कारखानेही त्याने एकेक करून आपल्या गोटात ओढले. त्यामुळे १९२०च्या दशकात मुंबईत किंवा कलकत्त्यात कुणा देशी माणसाने काडेपेटीचा कारखाना काढायचे म्हटले तर चांगले यंत्र मिळवण्यापासूनच झगडा सुरू होई.

तो झगडा त्याआधीही होता. अहमदाबादेत १८९५ च्या सुमारास गुजरात इस्लाम मॅच फॅक्टरी निघाली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत आणखी कितीतरी निघाल्या आणि बहुतेक बुडाल्या. बुडण्याचे कारण भांडवल असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. जर्मनीहून किंवा जपानहून यंत्र आणले, मांडले, चाके फिरली; पण त्या यंत्रात जे लाकूड घालायचे ते कुठून आणायचे, ते किती ओले असावे, काडीच्या टोकाला लावायच्या गुलाचे मिश्रण किती घट्ट, वाळवण किती वेळ, हे सांगणारा माणूस यंत्राच्या खोक्यातून येत नाही. वनखात्यातल्या आर. एस. ट्रूप यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानातल्या आगपेटी उद्योगाच्या भवितव्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही जंगलांचा आणि झाडांच्या जातींचाच हिशेब मांडावा लागला. काडेपेटीचा धंदा लाकडापासून सुरू होतो, ही गोष्ट रसायनांच्या झगमगाटात नेहमी विसरली जाते.

लाकडाचे दुखणे समजून घ्यायचे तर काडी कशी होते ते पाहावे लागेल. ओंडक्याचे हाताच्या लांबीचे तुकडे करून साल काढतात. तुकडा लेथवर फिरवत समोरून लांब पाते लावले की लाकडाचा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा सलग सुटत जातो. पट्ट्यांची चवड रचून वरून सुरी पाडली की चौकोनी काड्या पडतात. हे सगळे लाकूड ओले असतानाच व्हायला हवे. वाळलेला ओंडका पात्यापुढे चिरफळतो. स्वीडनमध्ये यासाठी ॲस्पेन नावाचे झाड वापरत. त्याचे लाकूड पांढरे, मऊ, सरळ धाग्याचे, बारीक काडी केली तरी न मोडणारे. यंत्राची पाती, त्यांचा कोन, कापण्याचा वेग हे सगळे ॲस्पेन डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले.

म्हणून मुंबई परिसरातले कारखाने सुरुवातीला मोठ्या प्रमाणात परदेशातून ॲस्पेनच आणत. कोकणच्या जंगलाला लागून असलेल्या कारखान्यात बोटीने लाकूड यायचे, यातला विनोद तेव्हाच्या लोकांच्याही लक्षात आला होता. काही व्यापाऱ्यांनी तर त्याहून सोपी वाट काढली. तयार काड्या आणि पेटीचे पट्टे बाहेरून मागवायचे, इथे फक्त गूल लावायचा आणि ‘देशी’ म्हणून विकायचे. १९२४ मध्ये सरकारने त्या काड्यांवर आणि पट्ट्यांवरही जकात लावून ती फट बुजवली. आता देशी लाकडाशी जुळवून घेण्यावाचून इलाज नव्हता.

देशी लाकूड म्हणजे मुख्यतः सावर. काटेसावर, जिची लाल फुले शिशिर सरता सरता उघड्या फांद्यांवर येतात. कोकणात काही गावांत होळीला तिचाच सोट उभा करतात. सावर हलकी आणि मऊ असते, लवकर वाढते, सोलायला सोपी जाते. पण तिचे धागे भरड, त्यामुळे काडी ठिसूळ होते आणि ओढताना मधेच मोडते. शिवाय तोडल्यावर ती फार लवकर बिघडते. गरम दमट हवेत काही दिवसांतच ओंडक्यावर बुरशीचे निळे-काळे डाग चढतात, भुंगेरे आत शिरतात, आणि काळसर काडीची पेटी कोणी विकत घेत नाही. अंदमानातून ‘पपीता’ नावाचे मऊ लाकूडही आणले जाई, पण तेही वाटेत सुकायला नको आणि कुजायला नको.

यावर आगपेटीच्या धंद्याने जे उपाय काढले त्यांत चमत्कारिक काही नाही. ओंडके पाण्यात बुडवून किंवा सतत पाणी मारून ठेवायचे, म्हणजे हवा लागत नाही आणि बुरशी धरत नाही. तोडल्यापासून सोलण्यापर्यंतचे दिवस कमी करायचे. पात्याचा कोन आणि दाबपट्टीचे अंतर सावरीसाठी वेगळे लावायचे. काडी थोडी जाड ठेवायची. हे वाचायला सोपे आहे. पण दोन दशांश मिलिमीटर जाडी वाढवली की एका ओंडक्यातून निघणाऱ्या काड्या कमी होतात, पुढच्या यंत्रातल्या पट्टीच्या भोकात ती काडी बसत नाही, मेण जास्त लागते आणि पेटीत पूर्वीइतक्या काड्या मावत नाहीत. एका टोकाला स्क्रू फिरवला की दुसऱ्या टोकाला काहीतरी अडते. कारखान्यातल्या कुठल्याही फिटरला हे माहीत असते. योजना आखणाऱ्यांना ते उशिरा कळते.

आता खरी लढाई. ती पावसाशी.

स्वीडिश आगपेटीचे माहेर यॉन्शॉपिंग, वेटर्न सरोवराच्या काठचे गाव. तिथे वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंबरनाथ-बदलापूरला तेवढा एकट्या जुलैत पडून वर उरतो. यॉन्शॉपिंगच्याच कारखान्यात अलेक्झांडर लागेरमान या यंत्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे यंत्र पूर्णत्वाला नेले की एका बाजूने काड्या घालाव्यात आणि दुसऱ्या बाजूने भरलेल्या पेट्या बाहेर पडाव्यात. भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांची लांबच लांब साखळी, त्या भोकांत उभ्या खोचलेल्या हजारो काड्या. साखळी आधी काड्या तापवते, मग त्यांची टोके वितळलेल्या मेणात बुडवते, मग गुलाच्या मिश्रणात, आणि मग वरखाली वळसे घेत हवेतून हिंडत राहते. गूल सुकला की काड्या ठोकून पेटीत पाडल्या जातात. या सगळ्या फेरीला तासाभराच्या आसपास वेळ. यंत्राचा वेग किती ठेवायचा हे मोटरची ताकद ठरवत नाही, गूल किती वेळात सुकतो ते ठरवते.

गूल म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, थोडे गंधक, काचेची पूड, रंग, भरण आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला, सुताराकडे असतो तोच. मिश्रण भज्याच्या पिठासारखे असावे लागते: फार पातळ झाले तर थेंब ओघळतो, घट्ट झाले तर गूल बोंडासारखा फुगतो आणि पेटताना फुटून उडतो. त्यात बारीक हवेचे बुडबुडेही राहायला हवेत, नाहीतर गूल दगडासारखा बसतो आणि नीट जळत नाही.

सगळी मेख सरसात आहे. सरस हवेतली ओल शोषतो आणि मऊ पडतो. क्लोरेटही पोटॅशियमचेच का, तर सोडियम क्लोरेट स्वस्त पडले तरी ते ओल इतकी ओढते की त्याची काडी पावसाळ्यात टिकणारच नाही. आता थंड मुलुखातली सोय पाहा. बाहेरची हवा पाच अंशांची असली, अगदी ओलसर असली, तरी ती आत घेऊन पंचवीस अंशांपर्यंत तापवली की तिच्यातली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांवरून पंचवीसच्या आसपास उतरते. म्हणजे नुसती शेगडी पेटवली की सुकवणारी हवा तयार. बदलापूरच्या जुलैची हवा मुळातच अठ्ठावीस अंशांची आणि नव्वद टक्के ओलीची. ती तापवायची म्हटले, अगदी दहा अंशांनी वाढवली, तर आर्द्रता उतरून पन्नासच्या आसपास येते खरी, पण अडतीस अंशांना न सुकलेला सरसच ढिला पडतो आणि उलटा टांगलेला गूल ओघळू लागतो. कमी तापवावे तर सुकत नाही, जास्त तापवावे तर धरत नाही. स्वीडनहून आलेल्या यंत्राच्या पोटात स्वीडनची हवा गृहीत धरलेली होती. ती कुठल्याच नकाशावर किंवा माहितीपत्रकावर लिहिलेली नसते.

यातून बाहेर पडण्याच्या वाटा दमट मुलुखातल्या सगळ्याच आगपेटीवाल्यांना धुंडाळाव्या लागल्या. एक वाट साखळी सावकाश चालवण्याची. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने उत्पादन घटवून घ्यायचे. दुसरी, चांगल्या प्रतीचा कडक सरस घ्यायचा आणि त्याला पोटॅशियम डायक्रोमेटची जोड द्यायची. क्रोमियमने सरस पक्का होतो, ओलीला जरा दाद देत नाही. तिसरी महागडी: हवा आधी थंड करून तिच्यातले पाणी गाळायचे आणि मग हवी तेवढी तापवायची. आणि पेट्या बाहेर पडल्यावर डझनाच्या पुड्यांना जाड कागद, पुड्यांच्या गठ्ठ्याला आणखी कागद, कारण कारखान्यात कोरडी ठेवलेली काडी कोकणातल्या वाण्याच्या दुकानात आठ दिवसांत ओली होणार असेल तर सगळी मेहनत वाया.

गिऱ्हाइकाची तक्रार मात्र नेहमी एकच वाक्य: काडी पेटत नाही. या एका वाक्यामागची कारणे निवडणे हेच आगपेटीच्या कारखान्यातले खरे कौशल्य. गूल घासताना गळून पडतो, तर सरस कच्चा किंवा काडी ओली असताना बुडवलेली. गूल फुरफुरून जळतो आणि काडी तशीच राहते, तर मेण कमी बसले. लाकडाची भोके मोठी असतील तर मेण आत मुरते आणि वर ज्योत धरायला उरत नाही. काडी विझल्यावर निखारा राहतो आणि अंगावर पडून कपडा जळतो, तर काड्या ज्या अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवायच्या त्या नीट भिजल्या नाहीत. पेटीच्या कडेची पट्टी दोन-चार वेळा घासताच पुसली जाते, तर दोष काडीत नाहीच, पट्टीच्या लेपात आहे. म्हणजे लाकूड खात्याने गूल खात्याकडे बोट दाखवायचे, गूल खात्याने पेटी खात्याकडे, आणि मधे उभ्या असलेल्या माणसाने एकेक काडी ओढून पाहत दोषाचे मूळ शोधायचे.

त्या कडेच्या पट्टीत लाल फॉस्फरस असतो. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या कुठेही घासल्या तरी पेटत, पण त्या बनवणाऱ्यांचे जबडे सडत. हिंदुस्थानात त्यांवर १९१३ च्या कायद्याने बंदी आली होती, म्हणून अंबरनाथला सुरुवातीपासून सेफ्टी मॅचच. पण सेफ्टी हा शब्द गिऱ्हाइकासाठी. कारखान्याच्या आत क्लोरेट आणि फॉस्फरस एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहता कामा नयेत; त्यांची खाती वेगळी, भांडी वेगळी, शक्यतो माणसेही वेगळी. क्लोरेट दळायचे ते पाण्यातच, कोरडे कधीच नाही. साखळीच्या पट्ट्यांत अडकलेला वाळका गूल ठोकताना ठिणगी पडली तर एकट्या काडीवर थांबत नाही. अशा जागी यंत्र साफ ठेवणे याला स्वच्छता म्हणत नाहीत, जीव वाचवणे म्हणतात.

इकडे दिल्ली-सिमल्यात कागदी लढाई चालू होती. आगपेटी उद्योगाला संरक्षण द्यायचे का, आणि दिले तर ते स्वीडिश कंपनीच्याच घशात जाणार नाही का, हा प्रश्न टॅरिफ बोर्डापुढे आला. मुंबई-कलकत्त्याचे छोटे कारखानदार क्रूगरच्या नावाने बोटे मोडत होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. बोर्डाने देशी लाकडावर हा धंदा चालू शकतो हे मान्य केले, जकातीला संरक्षक जकातीचे रूप द्यावे असे सुचवले, आणि १९२८ मध्ये तसा कायदा झाला. स्वीडिश कंपनीवर वेगळे निर्बंध मात्र आले नाहीत. चार वर्षांनी, १२ मार्च १९३२ ला क्रूगरने पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या हिशेबातले घोटाळे बाहेर पडत गेले, युरोप-अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांची धूळधाण झाली. अंबरनाथची साखळी फिरत राहिली. काडेपेटी बनवणारा धंदा खरा होता, त्यावर रचलेला कागदांचा मनोरा खोटा होता.

मग आली १९३४ ची अबकारी. जकात आयात मालावर होती, आता देशात बनणाऱ्या काडेपेटीवरही कर बसला. चाळीस, साठ आणि ऐंशी काड्यांच्या पेट्या असे टप्पे पाडले गेले आणि कर भरल्याची खूण म्हणून प्रत्येक पेटीवर सरकारी पट्टी चिकटवायची. बाहेरच्याला यात फक्त करवसुली दिसते. कारखान्यात शिरल्यावर ही नवी तांत्रिक डोकेदुखी झाली. पेटीत काड्या मोजून पडत नव्हत्या, अंदाजाने पडत होत्या. वाकड्या काड्या, मोडक्या काड्या, दोन चिकटून आलेल्या काड्या. चाळीसच्या पेटीत त्रेचाळीस गेल्या की ती वरच्या टप्प्यात. सदतीस गेल्या की गिऱ्हाइकाची शिवी. म्हणजे भरण्याच्या यंत्राला आता कारकुनासारखे काटेकोर व्हावे लागले, आणि त्यासाठी मुळात काडीच एकसारखी हवी. पुन्हा लाकडापाशी.

या सगळ्याला एक उत्तर तमिळ मुलुखात शिवकाशीला निघाले, आणि ते इतके वेगळे होते की अंबरनाथच्या गोष्टीत त्याला बाजूला ठेवता येत नाही. षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे तरुण १९२२ च्या सुमारास कलकत्त्याला जाऊन आगपेटीचे काम शिकले. परतल्यावर त्यांनी यंत्रेही आणून पाहिली. मग हाताने करणेच परवडते हे त्यांच्या लक्षात आले. शिवकाशी कोरडी, पाऊस तुटपुंजा. अंबरनाथला जी हवा पैसे मोजून तयार करावी लागे ती तिथे अंगणात फुकट पडलेली. लाकडी चौकटीत काड्या रचायच्या, चौकट गुलात बुडवायची, उन्हात ठेवायची. पेट्या घरोघरी बायका-मुले चिकटवत. या स्वस्ताईतला मोठा वाटा मुलांच्या हातांचा होता, हे विसरून शिवकाशीचे कौतुक करणे मला पटत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या मुलांसाठी निकाल द्यावा लागला.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या काडेपेट्यांपैकी निम्म्याहून जास्त विमकोच्या होत्या. अंबरनाथबरोबर मद्रासजवळ तिरुवोत्तियूर, बरेलीजवळ क्लटरबकगंज, कलकत्ता आणि आसामात धुबरी असा तिचा पसारा होता. नंतर सरकारने हाताने केलेल्या काडेपेटीला करात सवलत दिली आणि यंत्राच्या काडेपेटीवर जास्त कर ठेवला. रोजगाराच्या दृष्टीने धोरण समजण्यासारखे होते. पण अंबरनाथच्या फिटरच्या दृष्टीने पाहा: लाकूड जमवले, ओल आवरली, काड्या मोजून भरल्या, साखळीचा वेग वाढवला, आणि जितके काम चांगले केले तितका कराचा फरक डोक्यावर. हा दोष कुठल्याही स्क्रूने सुटणारा नव्हता.

तोवर आजूबाजूचे गाव पालटले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कल्याणच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला १९५०च्या दशकात संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, कारागीर शिकवण्याची शाळा निघाली. शहाडला सेंच्युरी रेयॉन आली. काही स्टेशनांच्या अंतरात टर्नर, फिटर, मिलर, मोल्डर यांची वस्ती झाली. याची गरजही लवकरच पडली. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई आली, सुटे भाग मागवायला परवाना लागू लागला आणि परवान्याच्या अर्जाला महिने लागू लागले. जर्मन किंवा स्वीडिश यंत्राचा गिअर तुटला की कारखाना बंद ठेवायचा किंवा तुटका गिअर पिशवीत घालून गल्लीतल्या लेथवाल्याकडे जायचे. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याची, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनची, थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. पण नमुना पाहून हुबेहूब वस्तू काढण्याचे ते अंग या पट्ट्यातल्या कारखानदारीला फार उपयोगी पडले. नक्कल करणाऱ्याला आधी वस्तू का मोडली ते कळावे लागते, नाहीतर नक्कलही तिथेच मोडते.

लाकडाचा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटला आणि तो अंबरनाथपासून हजार-बाराशे किलोमीटरवर सुटला. जंगलातली सावर संपत आली होती. विमकोने तराईत, रुद्रपूरच्या बाजूला, पॉप्लरच्या लागवडीचे काम हाती घेतले. मूळ अमेरिकेतले हे झाड ॲस्पेनच्याच कुळातले. निवडक जातींची कलमे करायची, ती शेतकऱ्यांना द्यायची, उसा-गव्हाच्या शेतात बांधावर किंवा ओळींनी लावायची आणि सहा-आठ वर्षांनी ठरलेल्या भावाने परत घ्यायची. १९८४ मध्ये नाबार्डच्या कर्जयोजनेची त्याला जोड मिळाली. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कारखान्यांनी लाकूड जंगलातून न घेता शेतकऱ्यांकडून घ्यावे असे सांगितले, तेव्हा विमकोचे काम बरेच पुढे गेले होते. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणाच्या सपाटीवर आज पॉप्लरच्या ज्या रांगा दिसतात त्यांची सुरुवात काडेपेटीच्या काडीतून झाली. ते लाकूड आता मुख्यतः यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत जाते. प्लायवूडवाल्यांनाही ओंडका लेथवर सोलायचाच असतो, आणि ते भाव जास्त देतात.

२००५ मध्ये स्वीडिश मॅचने विमकोतला आपला हिस्सा आयटीसी समूहाला विकला. शिवकाशी, कोविलपट्टी, गुडियाथम या भागातले कारखानदार तोवर स्वतःच यंत्रांकडे वळू लागले होते. मजूर मिळेनात, मुले शाळेत गेली आणि अखंड साखळीची यंत्रे तिथेच बनू लागली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हाताच्या काडेपेटीवर पाच टक्के आणि यंत्राच्या काडेपेटीवर अठरा टक्के असा जुना फरक कायम ठेवला गेला. मार्च २०२० च्या बैठकीत जीएसटी परिषदेने दोन्हींवर सारखा बारा टक्के कर केला. त्याची मागणी करणाऱ्यांत आता शिवकाशीकडचे यंत्रवालेही होते.